मदत हवी आहे: एनव्हीडीएमध्ये कॅपिटल अक्षर नीट कळत नाही

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात नव्या पेठेजवळ चादरी-टॉवेलच्या दुकानात बिलिंग बघतो. पूर्ण अंध आहे, एनव्हीडीए हे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो, त्यातला आवाज ईस्पीक या स्पीच इंजिनचा.

परवा मेलवर आलेला पासवर्ड बाणाच्या कीने एकेक अक्षर ऐकून टाइप केला. तीनदा चुकला, खातं लॉक! मधला 'के' कॅपिटल होता, मला लहान वाटला. कॅपिटलला आवाजाची पट्टी ३० टक्के चढवलेली आहे, पण मागे गिऱ्हाइकांचा गलका असला की तो फरक कानाला लागतच नाही.

मग एनव्हीडीए की, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबून स्पीच सेटिंगमध्ये कॅपिटलआधी 'कॅप' म्हणण्याचा पर्याय लावला. पासवर्डचं भागलं, पण जीएसटी नंबर तपासताना जीव मेटाकुटीला येतो. १५ जागा, त्यात प्रत्येक अक्षराआधी 'कॅप', आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरपुरतं एनव्हीडीएच्या सेटिंगचं वेगळं प्रोफाइल करून तिथे 'कॅप' बंद आणि ब्राउझरमध्ये चालू, असं कुणी केलंय का? की पट्टीच ६०-७०वर न्यावी? बीपचाही पर्याय आहे, तो गर्दीत ऐकू येतो का? रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, लग्नसराईआधी हे बसवून टाकायचंय.