अज्ञेयवाद म्हणजे तळ्यात-मळ्यात नव्हे

देव आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणणारा तो अज्ञेयवादी. कुणीतरी म्हटलंय, 'अज्ञेयवादी म्हणजे घाबरट नास्तिक.' नाही पटलं. १८६९ मध्ये टी. एच. हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने 'अग्नॉस्टिक' (अज्ञेयवादी) हा शब्द घडवला. पुराव्याविना 'मला ठाऊक आहे' म्हणायचं नाही, ही त्यामागची शिस्त. (पाळून बघा, घाबरटाचं काम नाही ते!) आणि हे काही फक्त विलायती नव्हे. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त (१०.१२९) सृष्टी कुठून आली विचारतं आणि म्हणतं, वरच्या अध्यक्षालाच ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल.

आमच्या मालवणाकडे देवाला कौल लावतात. आजोबा गाऱ्हाण्याला न चुकता हात जोडून उभे. पण देव खरंच आहे का विचारलं की म्हणायचे, "माका म्हायत नाय रे. तुका कळला तर माका सांग."