टूर डॉक्युमेंटरी: स्टेजमागचं इतकं मोकळं शूट कसं करतात?

सांगलीकर_एडिटर
मंडळी, काल रात्री मॅडोनाची 'ट्रुथ ऑर डेअर' बघितली, १९९१ ची, ब्लाँड ॲम्बिशन टूरवरची. गाणी भारीच आहेत पण मला मागचंच जास्त आवडलं, म्हणजे मेकअप चालू असताना वैताग, घशाच्या डॉक्टरसमोर बसलीय, टोरांटोत तर पोलीस अटक करू म्हणतायत आणि ही बाई शोमध्ये काडीचाही बदल करायला तयार नाही. दोन प्रश्न आहेत. मागचं सगळं ब्लॅक अँड व्हाइट आणि स्टेज रंगीत, ही नुसती स्टाइल का त्यामागे काही कारण? आणि माणसं कॅमेऱ्यासमोर इतकी मोकळी होतातच कशी? विचारतोय कारण आमच्या इथल्या एका गायकाचा दिवाळीनंतर दौरा आहे, आठ-दहा गावं, आणि तो म्हणतोय तूच चल शूटिंगला. माझ्याकडे एक मिररलेस कॅमेरा, दोन लेन्स आणि एक छोटा रेकॉर्डर, बाकी लग्नाचे व्हिडिओ करतो.

रीळवाला
स्टाइल आहेच पण सोयही आहे. बॅकस्टेजला लाइटची नुसती खिचडी असते हो, पॅसेजमध्ये ट्यूब, आरशाभोवती पिवळे बल्ब, मागचं दार उघडलं की ऊन. त्या काळच्या रंगीत फिल्मवर तोच माणूस इथे हिरवा आणि दोन पावलं गेला की पिवळा. ब्लॅक अँड व्हाइटला ही कटकटच नाही. दुसरं म्हणजे १६ एमएम फिल्मचं ४०० फुटी मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरचा रिळाचा डबा, ११ मिनिटांत संपतं, त्यामुळे कधी चालू करायचं हे कॅमेरामनला पोटातूनच कळावं लागतं. आपण कार्ड भरेपर्यंत शूट करतो आणि मग एडिटला बसलो की डोक्याला हात.

गाण्यांचं वेगळं असतं. त्यात पॅरिसचे शो आहेत. असे शो सहसा ओळीने दोन-तीन रात्री शूट करतात, कॅमेऱ्याच्या जागा बदलत, आणि वादक कानात क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, घेऊन वाजवत असले की लय हलत नाही, मग पहिल्या रात्रीच्या लांबून घेतलेल्या वाइड शॉटवर दुसऱ्या रात्रीचा क्लोजअप चिकटतो. फक्त कपडे तेच हवेत. टेलर स्विफ्टच्या इराज टूरचा सिनेमा असाच, लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियममध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये शूट केला आणि १३ ऑक्टोबरला थिएटरात! अडीच महिनेसुद्धा नाहीत. एडिटर लोक झोपले कधी देव जाणे.

विंगेतली_मावशी
मोकळी कसली रे. दिग्दर्शक अलेक केशिशियन तेव्हा पंचविशीतला पोरगा, पैसे मॅडोनाचे, एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर तीच. शिव्या दाखवल्या, रडणं दाखवलं, आईच्या कबरीवर जाऊन आडवी झाली तेही दाखवलं, पण धंद्याची मीटिंग सुरू झाली तेव्हा काय झालं आठवतंय का? कॅमेऱ्याच्या तोंडावर दार बंद. मला तर अख्ख्या सिनेमातला सगळ्यात खरा शॉट तोच वाटतो. आणि तिचा तेव्हाचा मित्र, नट वॉरन बेटी तिथे बसल्या बसल्या टोमणा मारतो ना, की हिला कॅमेरा नसेल तर जगायचंच नसतं, तो ठेवलाय हे मात्र मानलं पाहिजे. कापता आला असता की.

जुनं_ते_सोनं
मावशी, सहमत, पण प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. 'डोंट लुक बॅक' बघा, गायक बॉब डिलनचा १९६५ चा इंग्लंड दौरा. दिग्दर्शक पेनेबेकरला बोलावलं डिलनचा मॅनेजर अल्बर्ट ग्रॉसमननेच, आणि तोच ग्रॉसमन टीव्ही शोच्या मानधनासाठी बीबीसी आणि ग्रॅनडा या दोन टीव्ही कंपन्यांना एकमेकांविरुद्ध खेळवताना सिनेमात दिसतो. एजंट फोनवर, हा शेजारी बसून आकडा वाढवतोय, बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना घासाघीस करावी तसं, आणि कॅमेरा समोर चालू. पेनेबेकरने सोबतच्या लोकांबरोबर खांद्यावर घेऊन फिरता येईल आणि आवाज चित्राशी जुळूनही राहील असा कॅमेरा जमवला होता, त्यामुळे मोठा ताफा नाही, ट्रायपॉड नाही, लाइट लावा म्हणून ओरडणं नाही. खोलीत दोन माणसं कोपऱ्यात उभी, थोड्या वेळाने कुणी बघतही नाही. सांगलीकर, तुमच्याकडे कमी सामान आहे हे चांगलंच आहे. गाणी मात्र त्यात बहुतेक अर्धवटच आहेत, पूर्ण मैफल ऐकायला बसाल तर चिडाल.

तबलजी_७७
वादकांना कोण विचारतंय? मॅडोनाच्या तीन डान्सरनी १९९२ मध्ये केस केली होती त्या सिनेमावरून, खासगी गोष्टी दाखवल्या म्हणून. त्यातला एक जण गे आहे हे घरच्यांच्या आधी थिएटरात कळलं तर काय होईल विचार करा. दोन वर्षांनी तडजोड झाली, पण पिक्चर जगभर फिरून आला होता तोवर.

सांगलीकर_एडिटर
बापरे, हे माहीतच नव्हतं. मग आधीच सह्या घेऊन टाकू का सगळ्यांच्या? आणि आवाजाचं काय, हॉलमध्ये रेकॉर्डर कुठे ठेवू?

रीळवाला
सह्या दौरा निघायच्या आधी घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. कट तयार झाला की हार्मोनियमवाल्यापासून ड्रायव्हरपर्यंत ज्याचा ज्याचा खासगी प्रसंग आहे त्याला तेवढा भाग दाखवा, नको म्हणाला तर काढा, गाव लहान आहे भाऊ. आवाजासाठी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घ्या, त्याला आधी दोन चहा पाजा, आणि रेकॉर्डर वेगळा ठेवा प्रेक्षकांत, स्पीकरपासून लांब, नुसत्या मिक्सरच्या आवाजात टाळ्या येत नाहीत आणि गाणं बंद खोलीत म्हटल्यासारखं वाटतं.

विंगेतली_मावशी
आणि पहिल्या दोन गावांना कॅमेरा फक्त गळ्यात अडकवून फिर, जास्त शूट करू नकोस. तालमीला पण जा. मानधनाची बोलणी चालू असताना आत येऊ देतात का बघ, दिलं तर मला सांग, मी तिकीट काढून बघायला येते.

सांगलीकर_एडिटर
मावशी, मानधनाची बोलणी गायकाचे मोठे बंधू करतात, ते मला गाडीत तरी बसू देतील का हीच शंका आहे 😅