माणातली वावटळ आणि टोर्नेडो
एप्रिलात साताऱ्याच्या माण-खटावात उठणारी वावटळ म्हणजे छोटा टोर्नेडोच, म्हणजे हवेचा विध्वंसक भोवराच का? नाही, दोघांची जातकुळीच वेगळी. दहिवडीकडं नांगरटीचं रान भर दुपारी तापतं, त्याला लागून असलेली हवा झपाट्यानं वर चढते आणि गरगरायला लागते. ज्वारीचा वाळका पाला माडीएवढा उंच नेते, बांध ओलांडते आणि विरते. त्यासाठी ढग लागतच नाही.

टोर्नेडो मात्र गडगडाटी ढगाच्या पोटातून उतरतो. जमिनीलगत एका दिशेचा वारा आणि वर वेगळ्या दिशेचा, जास्त जोराचा वारा असला की मधली हवा आडवी पिळली जाते. ढगात चढणारा प्रवाह तो पीळ उभा करतो. अमेरिकेच्या मधल्या मैदानात मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा आणि पश्चिमेकडची कोरडी हवा एकत्र येतात, म्हणून तिथं टोर्नेडो जास्त; सगळ्या अमेरिकेत मिळून वर्षाला हजारावर होतात. पण हे संकट फक्त तिकडचंच समजू नका. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ ला एकाच टोर्नेडोनं सुमारे १,३०० माणसं मारली.

आपल्या वळवात विजा, गारा असतात, पण वाऱ्यांतला एवढा फरक सहसा नसतो. घरांचे पत्रे उडतात ते बहुधा ढगातून खाली कोसळून पसरणाऱ्या गार वाऱ्यानं.