कीक्लोकमध्ये लॉगिन होतं, पण कंटेनरमधलं अ‍ॅप टोकन नाकारतं (इश्युअर जुळत नाही)

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच जागी अडकले आहे.

डॉकर कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) तीन कंटेनर आहेत: अ‍ॅप, कीक्लोक २६ (लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनवर सगळीकडे प्रवेश) ओपनआयडी कनेक्ट या प्रमाण पद्धतीने करायचं आहे, म्हणजे लॉगिननंतर कीक्लोक सही केलेलं टोकन देतं आणि अ‍ॅप ते तपासतं. अ‍ॅपला इश्युअर (टोकन देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता) 'कीक्लोक:८०८०' असा दिला आहे. कंपोजमधलं हे नाव ब्राउझरला कळत नाही, म्हणून लॉगिन पानाचा पत्ता तेवढा मी हाताने 'लोकलहोस्ट:८०८०' ठेवला.

लॉगिन पान येतं, पासवर्ड चालतो, ब्राउझर कोड घेऊन अ‍ॅपकडे परतही येतो. आणि तिथे ४०१ (ओळख नाकारली). लॉग सांगतो: अपेक्षित इश्युअर 'कीक्लोक:८०८०', टोकनमध्ये 'लोकलहोस्ट:८०८०'.

डिस्कव्हरीचं जेसन (कीक्लोक आपला इश्युअर आणि पत्ते जाहीर करतं ती यादी) एकदा ब्राउझरमधून आणि एकदा अ‍ॅपच्या कंटेनरमध्ये शिरून कर्लने उघडलं. सर्व्हर तोच, पण इश्युअरच्या ओळीत नावं दोन. होस्टनेम ठरवून दिलेलं नसल्यामुळे ज्या नावाने हाक माराल तेच नाव कीक्लोक परत देतं. एवढं कळलं.

अ‍ॅपलाही 'लोकलहोस्ट' दिलं तर ते सुरूच होत नाही, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. माझ्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.०.१ समोर 'कीक्लोक' लिहिलं आणि सगळीकडे तेच नाव वापरलं, तेव्हा सगळं सुरळीत चाललं. पण टीममधल्या प्रत्येकाला ही फाइल बदलायला लावणं काही बरं नाही.

इश्युअरची तपासणी बंद करा, हा सल्ला कृपया देऊ नका. करून पाहिलं, लगेच चालतं, आणि लगेच काढूनही टाकलं. टोकन आपल्याच सर्व्हरने दिलं की नाही, हे सहीसोबत त्या तपासणीवरही ठरतं. 'तात्पुरतं' म्हणून बंद केलेली गोष्ट पुन्हा कोणी चालू करत नाही.

आता विचार असा आहे की कीक्लोकचं होस्टनेम 'लोकलहोस्ट:८०८०' असं पूर्ण पत्त्यासकट पक्कं करावं आणि बॅकचॅनेल डायनॅमिक (सर्व्हर थेट सर्व्हरशी बोलतो तेव्हा ज्या नावाने हाक येईल तेच नाव देणारी सेटिंग) चालू ठेवावं. मग इश्युअर सगळीकडे एकच राहील आणि टोकन, सार्वजनिक किल्ल्या वगैरे अ‍ॅपला आतल्या नावाने मिळतील. पण डिस्कव्हरी एका पत्त्यावरून आणली आणि आत इश्युअर दुसराच निघाला, तर आमची लायब्ररी तेही नाकारते. मग सगळे एंडपॉइंट (टोकन, किल्ल्या वगैरेंचे पत्ते) हातानेच भरायचे का? की कीक्लोकच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या आत पोचवणारा सर्व्हर) ठेवून, ब्राउझर वापरतो तेच डोमेन नाव नेटवर्क एलियास (डॉकर नेटवर्कमधलं जादा नाव) म्हणून प्रॉक्सीच्या कंटेनरला द्यायचं? तुमच्यापैकी कोणी ही दुसरी, प्रॉक्सीची वाट धरली असेल, तर प्रॉक्सीचं स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट अ‍ॅपच्या कंटेनरला विश्वासार्ह कसं ठरवलंत, इमेज बांधताना की चालू करताना व्हॉल्यूमने?