आयसोइटिसच्या बीजाणूंतला गुणसूत्रांचा गोंधळ: खरा की स्लाइडचा?

पवनी_बॉटनी:
नमस्कार. भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा (मालगुजारी) तलावाच्या काठची आयसोइटिस कोरोमँडेलिना आहे, म्हणजे बीजाणूंनी वाढणारी, गवतासारखी दिसणारी बिनफुलांची वनस्पती. कोवळ्या लघुबीजाणुधानीच्या (लहान बीजाणूंच्या पिशवीच्या) स्क्वॉशमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या स्लाइडमध्ये, ॲनाफेजला (गुणसूत्रं दोन टोकांना जाताना) दोन-तीन गुणसूत्रं मधेच रेंगाळलेली दिसतात, काही पेशींत दोन टोकांना जोडणारे गुणसूत्रांचे पूल. पिकलेल्या धानीत बीजाणू लहान-मोठे, पिचके. चीनमधल्या संकटग्रस्त आयसोइटिस सायनेन्सिसमध्ये मायोसिस (बीजाणू बनताना गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) असंच बिघडलेलं आढळलंय. इथलं खरं समजावं का? पानं पिशवीतून आणून तीन तासांनी फिक्स केली होती (पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या द्रवात टाकली होती).

धानपट्टा:
तीन तास फार झाले. तेवढ्यात पेशी मरायला लागतात, गुणसूत्रं चिकट होतात आणि खोटे पूल दिसतात. फिक्सेटिव्ह तलावाच्या पाळीवरच (बांधावरच) हवं: तीन भाग ॲबसोल्यूट अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, त्याच वेळी मिसळलेलं. बाहेरच्या पानांच्या बुडाशी साधारणपणे गुरुबीजाणुधान्या (मोठ्या बीजाणूंच्या पिशव्या) असतात, म्हणून आतली कोवळी पानं घ्या. धानी पांढरी, मऊ असावी. करडी भुकटी दिसली की मायोसिस केव्हाच उरकलेलं असतं. धानीला सुईनं टोचा, म्हणजे द्रव आत शिरतो. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवा.

रंगवताना ॲसिटोकार्माइन या लाल रंगाच्या थेंबात गंजक्या सुईनं धानी फोडा, लोहामुळे रंग गडद चढतो. भित्तिका आणि आतले पडदे वेचून टाका, नाहीतर कव्हरस्लिप सपाट बसत नाही. स्लाइड हाताच्या पाठीला सोसेल इतकीच गरम करा.

खरं-खोटं ठरवायचं ते टेट्रॅडवर (एका पेशीपासून झालेल्या चार बीजाणूंच्या गटावर). फिक्सिंग बिघडलं तर गुणसूत्रांचे गोळे होतील, पण मायक्रोन्यूक्लिअस (मुख्य केंद्रकाबाहेरचं छोटं केंद्रक) त्यानं तयार होत नाही. मागे राहिलेल्या गुणसूत्राभोवती वेगळं आवरण बनलं की तो दिसतो. म्हणून पाच झाडांचे प्रत्येकी शंभर टेट्रॅड मोजा. पुलाशेजारी सुटा तुकडा दिसला तर इन्व्हर्शनचा (गुणसूत्राचा भाग उलटा बसल्याचा) संशय घ्या.

कार्माइन_ताई:
सर, त्याआधी मुळांची टोकं बघा. या वंशात गुणसूत्रांच्या एका संचाची संख्या ११. २ एन (मुळाच्या पेशीतली एकूण संख्या) २२ असेल तर मायोसिसच्या मेटाफेजला (गुणसूत्रं मधोमध रांगेत आल्यावर) ११ जोड्या हव्यात. ३३ निघाले तर झाड ट्रिप्लॉइड (तीन संचांचं): तिसऱ्या संचाला नीट जोडीदार मिळत नाही, एकटी गुणसूत्रं भटकतात, बीजाणूंना कमी-जास्त वाटा जातो. मग पिचके बीजाणू अपेक्षितच. सायनेन्सिसमध्ये ४४ आहेत. संख्या सम असली म्हणून जोड्या नीट लागतीलच असं नाही.
गुणसूत्रं आखूड, सुटी दिसावीत म्हणून मुळांची पांढरी टोकं ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सीक्विनोलिनमध्ये (लिटरला ०.२९ ग्रॅम) १८ अंशांवर तीन-चार तास ठेवा, मग फिक्स करा. पुढे टोकं मऊ व्हायला १ नॉर्मल एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये) ६० अंशांवर आठ-दहा मिनिटं.

पवनी_बॉटनी:
मुळांसाठी झाड उपटावं लागेल का?

कार्माइन_ताई:
नाही जी. बाजूची माती ओली करून बोटानं सारा, चार-पाच टोकं कापा, माती परत दाबा. पानंही झाडामागे दोन-तीनच. कंद उन्हाळाभर चिखलात जिवंत असतो, त्यावरच पुढच्या पावसाळ्यातली पालवी. तलावाचा गाळ काढायचं ठरलं असेल तर जेसीबी लागण्याआधी काठचा तो पट्टा खुणा करून सोडायला ग्रामपंचायतीला आत्ताच सांगा.