स्टंटच्या गाडीला मागचा हँडब्रेक बसवायचा आहे, टी-जॉइंटने दाबच तयार होत नाही

नमस्कार मंडळी,

गाडी २०० सीसीची, सिंगल सिलिंडर, मागे डिस्क, एबीएस नाही. ती रस्त्यावर काढत नाही, फक्त बंद मैदानात चालवतो. बसून केलेली व्हीली (पुढचं चाक उचलून चालवणं) आता हातात बसली आहे. उजवा पाय ब्रेक पॅडलवर असतो, पुढचं चाक गरजेपेक्षा वर जायला लागलं की पायाने हलकं दाबून खाली आणतो. पण सीटवर उभं राहून किंवा टाकीवर बसून, पाय हँडलवरून पुढे टाकून व्हीली करायची तर पाय पॅडलपर्यंत पोचत नाही. गाडी मागे कलंडायला लागली की तिला खात्रीने सावरतो तो मागचा ब्रेक, आणि तोच नेमका तेव्हा आवाक्याबाहेर. म्हणून डाव्या हाताला, क्लचजवळ, मागच्या ब्रेकची लिव्हर हवी आहे. पायाचा ब्रेक काढायचा नाही.

आतापर्यंत केलेलं काम सांगतो. मागे डिस्क असलेल्या स्कूटरचा डाव्या बाजूचा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबली की ऑइलवर दाब देणारा भाग) घेतला. तिथून स्टीलच्या जाळीचा होज मागे आणला. कॅलिपरवर (पॅडने डिस्क पकडणारा भाग) लांब बँजो बोल्ट (आतून ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) लावून पायाचा आणि हाताचा, दोन्ही होज टी-जॉइंटसारखे एकाच ठिकाणी जोडले. तांब्याचे वॉशर सगळे नवीन.

हवा काढण्यात पूर्ण संध्याकाळ गेली, तरी हाताची लिव्हर थेट हँडलला टेकते. आणि पायाचा ब्रेक, जो आधी उत्तम होता, तोही आता मऊ पडलाय! तीन वेळा पुन्हा हवा काढली, मास्टर सिलिंडरची रबरं बदलली. कुठेही गळती नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात आल्या. हाताची लिव्हर दाबली की पायाच्या ब्रेकच्या ऑइलच्या डबीत ऑइल उसळतं. आणि मित्राने पायाचं पॅडल शेवटपर्यंत दाबून धरलं, तर हाताची लिव्हर एकदम कडक होते.

हे असं का होतंय? जोडणीच चुकली असेल तर दोन्ही ब्रेक ठेवायचा बरोबर मार्ग कोणता? शिवाय पायाच्या सिलिंडरवर १२.७ मिमी लिहिलंय आणि माझ्याकडे १६ मिमीचा एक चांगल्या प्रतीचा मास्टर सिलिंडर पडून आहे. तो लावला तर ब्रेक जास्त जोरात लागेल का? घाई नाही, पण अर्धवट ब्रेकवर मला गाडी उचलायची नाही.

प्रतिसाद

तुमच्या निरीक्षणातच उत्तर आहे. हवा राहिलेली नाही, जोडणीच अशी आहे की दाब टिकणार नाही.

मास्टर सिलिंडरच्या आत, पिस्टन मोकळा असताना त्याच्या रबराच्या अगदी पुढे एक बारीक छिद्र उघडं असतं. ते डबीला जोडलेलं असतं. ब्रेक तापून ऑइल फुगलं की जास्तीचं ऑइल या छिद्रातून वर जातं. लिव्हर दाबली की रबर पुढे सरकून हे छिद्र ओलांडतं आणि मगच पुढे दाब तयार होतो. आता तुम्ही हाताची लिव्हर दाबता तेव्हा पायाचा पिस्टन मोकळाच असतो. त्याचं छिद्र उघडं, म्हणून ऑइल कॅलिपरला ढकलण्याऐवजी सरळ तिकडच्या डबीत जातं. पाय दाबलात तर तेच उलट्या दिशेने. मित्राने पॅडल दाबून धरलं तेव्हा ते छिद्र बंद झालं, म्हणून लिव्हर कडक लागली. अशी जोडणी कितीही वेळा ब्लीड केली, म्हणजे हवा काढली, तरी चालणार नाही.

मार्ग तीन आहेत. एक, दोन्ही लाइनच्या मध्ये शटल व्हॉल्व्ह. ज्या बाजूने दाब येईल ती उघडी राहते, दुसरी बंद होते. दोन, सिरीज जोडणी : हाताच्या सिलिंडरचा होज पायाच्या सिलिंडरच्या डबीच्या जागी जोडायचा. हात दाबला की दाब पायाच्या सिलिंडरमधून, त्याच उघड्या छिद्राने, पुढे कॅलिपरला जातो. पाय दाबला तर तो नेहमीसारखा चालतो. अनेक जण असंच करतात, पण मला ते आवडत नाही. पायाच्या सिलिंडरचं मागचं रबर डबीतलं ऑइल अडवण्यापुरतं असतं, त्याच्यावर ब्रेकचा पूर्ण दाब यावा अशी रचनाच नसते. डबीचं नळकांडंही बऱ्याचदा प्लॅस्टिकचं, नुसत्या सर्क्लिपवर बसलेलं असतं. तिथे दाब दिला तर ते उडून येईल.

तिसरा मार्ग म्हणजे त्याच डिस्कवर हँडब्रेकसाठी दुसरा, स्वतंत्र कॅलिपर. मी हाच सुचवेन. एका लाइनमध्ये काही बिघडलं तरी दुसरी शाबूत राहते, आणि व्हीलीत असताना याची किंमत कळते.

प्रतिसाद

दुसऱ्या कॅलिपरला अनुमोदन, पण ब्रॅकेटकडे लक्ष द्या. ब्रेक लागल्यावर कॅलिपर डिस्कबरोबर फिरायला बघतो, त्याला स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा) खुंटा किंवा खाच अडवते. दोन कॅलिपर एकाच ब्रॅकेटवर घेतलेत तर दोघांचा जोर त्याच खुंट्यावर येतो. पातळ पट्टीचं घरगुती ब्रॅकेट नको. जाड अॅल्युमिनियमचं, मशीनवर कापलेलं घ्या आणि डिस्क दोन्ही पॅडच्या बरोबर मध्ये येते ना हे चाक फिरवून पहा.

१६ मिमीचा सिलिंडर लावू नका. मोठा सिलिंडर म्हणजे जास्त ब्रेक, हा समज उलटा आहे. १२.७ मिमीचं क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस मिमी, १६ मिमीचं सुमारे २०१. लिव्हर सारखीच धरली तर बोटाच्या तेवढ्याच जोरात १६ मिमीमध्ये दाब साधारण ३७ टक्के कमी मिळेल. लिव्हर दगडासारखी लागेल, प्रवास छोटा होईल आणि एका बोटाने ब्रेक हलका-जास्त करणं जमणार नाही. पायाला जोर भरपूर असतो, बोटाला नसतो. १२.७ पासून सुरुवात करा. प्रवास फारच लांब वाटला तरच १४ मिमी.

हवा काढताना एक गोष्ट हमखास चुकते. दुसरा कॅलिपर स्विंगआर्मच्या खाली उलटा बसतो, त्यामुळे ब्लीड निपल (हवा काढायचं तोंड) तळाला येतं. हवा वरच्या कोपऱ्यात अडकते, आणि निपलमधून कितीही ऑइल काढलं तरी ती तिथेच. कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडा, निपल सर्वांत वर येईल असा धरा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी घाला आणि मग ब्लीड करा. वर मास्टर सिलिंडरच्या बँजोजवळही बुडबुडा राहतो. तिथला बोल्ट कापडाखाली जरासा सैल करून लिव्हर हळू दाबली, सोडण्याआधी बोल्ट आवळला, की तो निघतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. छिद्राचं वाचून सिलिंडर उघडून पाहिला, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र खरंच आहे. दुसरा कॅलिपर नक्की केला. लिव्हर क्लचच्या वर ठेवू की खाली? आणि ब्रेक ऑइल डॉट ४ चालेल ना?

प्रतिसाद

डॉट ४ चालेल. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलं की मानकानुसार १५५ पर्यंत उतरू शकतो. संथ व्हीलीत थ्रॉटल आणि मागचा ब्रेक सतत एकमेकांविरुद्ध चालतात, वेग कमी म्हणून वाराही लागत नाही. डिस्क भयंकर तापते. त्यामुळे ऑइल वारंवार बदला. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका.

लिव्हरची जागा तुमच्या बोटांवर ठरेल. क्लॅम्प अर्धवट आवळून गाडी स्टँडवर घ्या, टाकीवर बसा, सीटवर उभे राहा. क्लच तर्जनीने आणि ब्रेक मधल्या बोटाने, मूठ न सोडता, दोन्ही वेगवेगळे ओढता यायला हवेत. एक ओढताना दुसरी लिव्हर बोटावर आपटत असेल तर जागा बदला. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज ताणला जात नाही ना, हेही तेव्हाच बघा.

आणि लिव्हरच्या टोकाला थोडी मोकळी चाल ठेवाच. ॲडजस्टर घट्ट करून लिव्हर लगेच लागावी असा मोह होतो. मग ते छिद्र कधीच उघडत नाही, ऑइल तापून फुगतं आणि पॅड आपोआप डिस्कला चिकटतात. पुढचं चाक वर असताना मागचं चाक असं धरलं तर गाडी पुढून जमिनीवर आदळते. पहिले काही दिवस दर दहा मिनिटांनी गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. गरम असतानाही ते मोकळं फिरायला हवं.

धागाकर्ता

ब्रॅकेट आलं, कॅलिपर उलटा करूनच ब्लीड केला. लिव्हर पहिल्याच दाबात कडक, पायाचा ब्रेकही पूर्वीसारखा. लिव्हर क्लचच्या खाली घेतली. अजून गाडी उचललेली नाही, फक्त सरळ चालवत हाताने ब्रेक लावून बघतोय. अर्ध्या तासानंतरही चाक मोकळं फिरतं. एक होज स्विंगआर्मजवळ साखळीच्या फार जवळून जातोय, तो आज रात्री फ्रेमच्या आतून फिरवतो आणि मगच मैदानात नेतो.