मशीन डिझाइन : मुलांच्या हातात पुलर द्या
कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) आल्यापासून इंजिनिअरिंगच्या मुलांचं डिझाइन कच्चं राहिलं, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. डेटा बुक (सूत्रं आणि तक्त्यांचं पुस्तक) घेऊन सोडवायचा पेपर कॅडच्या आधीपासून तसाच आहे. पॉवर आणि आरपीएम दिलेले, टॉर्क काढा, बेंडिंग मोमेंट काढा, शाफ्टचा (फिरणाऱ्या दांड्याचा) व्यास समजा 21.6 मिमी आला की खाली दोन रेघा! खरं डिझाइन तिथून पुढे सुरू होतं. त्या मापाचं बेअरिंग मिळत नाही, म्हणून 25 घ्यायचं, म्हणजे 6205 नंबरचं बेअरिंग (आतला व्यास काढायला शेवटच्या 05 ला पाचाने गुणायचं, हे वर्कशॉपमधल्या पोरालाही ठाऊक असतं).

मग शोल्डर, म्हणजे बेअरिंग जिला टेकतं ती शाफ्टवरची जाड पायरी, केवढा? इथे बहुतेक मुलं अडतात. 6205 ची आतली रिंग बाहेरून साधारण 34 मिमीची असते आणि मुलं बिनधास्त 38 चा शोल्डर काढतात. स्क्रीनवर छान दिसतो. मी तसाच शाफ्ट त्यांच्याकडून लेथवर करून घेते, बेअरिंग बसवायला लावते आणि मग ते काढायला पुलर (जबड्यांनी धरून बेअरिंग ओढून काढायचं साधन) देते. जबड्यांना आतल्या रिंगची कड सापडतच नाही. बाहेरची रिंग धरून ओढलं तर सगळा जोर गोळ्यांवर येतो आणि बेअरिंग वाया जातं. कॅटलॉगमध्ये शोल्डरचा किमान व्यास 30.6 दिलेला असतो, म्हणजे शोल्डर त्याहून लहान नको आणि 34 च्या आत हवा; ते पान मग मुलं स्वतःहून उघडतात. फिलेटचंही (शाफ्ट आणि शोल्डर मिळतात त्या कोपऱ्यातल्या गोलाईचंही) तेच : बेअरिंगच्या कोपऱ्याच्या गोलाईपेक्षा तो मोठा ठेवला, तर बेअरिंग शोल्डरला टेकत नाही. टर्मवर्कमध्ये (सत्रभराच्या कामाच्या गुणांत) या कामाला गुण हवेतच.